कलेक्टरचे दात

“दुखतंय का त्याला?” मुलाच्या आईने विचारलं.

“नाही. दुखू नये म्हणूनच तर सांगतोय,” डॉक्टर इंद्रजित म्हणाला.

“मग दुखायला लागलं की आणते.”

असं म्हणून बाई मुलाचं बखोट धरून जिना उतरल्या. मुलगा जाताना खुर्चीकडे वळून वळून बघत होता. खालीवर होणारी ती खुर्ची त्याला फार आवडली होती. सांगलीच्या मार्केट यार्डाजवळच्या त्या दवाखान्यात आजवर सगळ्यांना आवडलेली अशी ती एकच गोष्ट होती.

इंद्रजितचा दोष एवढाच, की कॉलेजात शिकवलेली एक गोष्ट त्याने मनाला लावून घेतली होती. सहाव्या-सातव्या वर्षी पोरांना पहिल्या कायमच्या दाढा येतात. त्यांच्या माथ्यावर खोल चऱ्या असतात. त्यांत गूळ, बिस्किट, चॉकलेट जाऊन बसतं, ब्रशचा केस तिथवर पोचत नाही आणि दाढ आतून पोखरत जाते. तर त्या चऱ्या आधीच बुजवून टाकायच्या. दाढ स्वच्छ करायची, कोरडी करायची, वर पातळसा थर द्यायचा, निळा दिवा धरायचा, की झालं सीलंट. सुई नाही, कोरणं नाही, रडारड नाही. इंद्रजित हे इतक्या तळमळीने सांगायचा, की ऐकणाऱ्याला संशयच यायचा. काही झालेलं नसताना इलाज करायला निघालेला डॉक्टर त्या भागात अजून कोणी पाहिला नव्हता.

“तुम्ही विमा विकायला हवा होता,” काउंटरवर बसलेली पल्लवी म्हणाली. ही इंद्रजितची बायको पेशंटांची नावं लिहून घ्यायला म्हणून दवाखान्यात बसायची आणि संध्याकाळच्या भाजीची सगळी निवडानिवड तिथेच उरकून घरी जायची. “तिथं तरी माणसाला आधी मरायची भीती घालता येते.”

त्याचं सगळं बोलणं मधे न तोडता ऐकून घेणारा पहिला माणूस निघाला तो धुळामामा. इंद्रजितच्या आईचा थोरला भाऊ. जत तालुक्यातल्या एका वाडीवर त्याची मेंढरं होती, आणि दिवाळी झाल्यावर बहिणीला घोंगडं द्यायला म्हणून तो सांगलीत आला होता. भाच्याचा दवाखाना बघायला म्हणून वर चढला, खुर्चीत बसायला नको म्हणाला, भिंतीला टेकून खाली बसला आणि ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, “म्हंजी लसच की ही.”

इंद्रजितला हुंदका यायचाच बाकी राहिला. वर्षभर तो हाच शब्द शोधत होता.

“व्हय मामा! लसच! दाढेची लस!”

“मग असं आडून आडून काय सांगतूयास? आमच्या नातीला, सोनियाला, आल्यात बग नव्या दाढा. वाडीत आनिक धा-पंधरा पोरं हायती तेवढीच. समद्यांना टेम्पोत घालून आणतो.”

“कधी आणता?”

“आदी कलेक्टरला दे.”

पल्लवीचा घेवडा मोडणारा हात थांबला. मामांचा आणि कलेक्टरांचा एवढा घरोबा आहे हे तिला नवीन होतं.

कलेक्टर हा मामांचा माडग्याळी मेंढा होता. राघूच्या चोचीसारखं बाकदार नाक, वासराएवढी उंची. हिंडताना मधेच थांबायचा, आणि तो थांबला की सगळा कळप मुकाट्याने ताटकळत उभा राहायचा. म्हणून कलेक्टर. आणि आधी त्याला का, तर वाडीची ती रीतच होती. जनावरांचा डॉक्टर आला की त्याच्या जीपला वाडीत वाट करून देत, चहा पाजत, लाळ्या-खुरकताची लस एकही मेंढरू न चुकवता टोचून घेत. माणसांच्या लसीची नर्सबाई आली की तीच वाडी रानात पांगायची. कुठलीही नवी गोष्ट मेंढरावर मानवली, तरच ती पोरांच्या वाट्याला यायची. मेंढरू पोरापेक्षा कमी जिवाचं म्हणून नव्हे. उलट, मेंढरू खोटं सांगत नाही म्हणून.

“मामा, मेंढरांचे दात किडत न्हाईत ओ,” इंद्रजित म्हणाला. “ती गोड कुठं खात्यात?”

“मग तर बरंच हाय. किडणार न्हाई म्हंजी तुझं नाव खराब व्हायची भ्याच न्हाई.”

“आणि हे मागच्या दाढांना लावतात. मेंढराच्या दाढेपर्यंत माझा हात कसा जाईल?”

“मागं कोन बगतंय? म्होरच्या दातांना लाव. पंधरा दिसांनी आटपाडीकडं जत्रा हाय. पाच-पन्नास गावची मानसं त्याचं दात बगत्यात. बगितलं की इचारत्यालच, ह्ये काय? मी सांगतो, माझ्या भाच्याची लस. वाडीच कशाला, समदी पट्टी पोरं घिऊन येतीया का न्हाई बग.”

इंद्रजितच्या डोळ्यांपुढे आ वासलेली पोरं दिसायला लागली. टेम्पोच्या टेम्पो. सगळ्यांच्या कोऱ्या दाढा, अजून एकही किडलेली नाही. त्याने बायकोकडे बघितलं.

“करा,” पल्लवी म्हणाली. “कुणीतरी स्वतःहून येतंय, हे काय कमी आहे?”

कलेक्टर टेम्पोतून आला. त्याला जिना चढवायचा नाही, यावर मात्र इंद्रजित ठाम राहिला. खाली पार्किंगमध्ये जागा केली. यार्डातले दोन हमाल हळदीची पोती टाकून मदतीला आले. एकाने मान धरली, एकाने मागचा भाग धरला, मामाने खालचा ओठ ओढला. वरच्या खिडक्यांतून बिऱ्हाडं बघायला लागली.

“डाक्टर, हे कुठलं पेशंट म्हणायचं?” एका हमालाने विचारलं.

“जतचं,” मामा अभिमानाने म्हणाला.

“वय काय लिहू?” पल्लवीने वही उघडून विचारलं.

“चारदाती,” मामा म्हणाला. मेंढराचं वय पुढच्या मोठ्या दातांवर मोजतात. पल्लवीने तसंच लिहिलं.

सीलंटचं सगळं काम कोरडेपणावर असतं. दातावर जरा ओल राहिली, तर थर धरत नाही. आता, माणसाला थुंकी गिळू नका, जीभ बाजूला घ्या असं सांगता येतं. कलेक्टर रवंथ करत होता. इंद्रजितने कापूस ठेवला, तो कलेक्टरने खाल्ला. दुसरा ठेवला, तोही खाल्ला. तिसऱ्या वेळी मामाने ओठ असा काही ओढून धरला, की इंद्रजितला जेमतेम सवड मिळाली. निळा दिवा लागला तेव्हा दातांवर थोडी ओल होती. हे इंद्रजितला दिसलं होतं. पण मामा म्हणाला, “झालं का?” हमाल म्हणाला, “आटपा, गाडी भरायचीय,” आणि इंद्रजित म्हणाला, “झालं.”

पुढे त्याला सगळ्यात जास्त पस्तावा झाला तो या एका शब्दाचा.

दिसायला मात्र काम झकास दिसत होतं. दवाखान्यात पांढऱ्या रंगाचं सीलंट होतं. पुन्हा तपासताना नीट दिसावं म्हणून ते पांढरं असतं. झाडपाला खाऊन पिवळसर झालेले कलेक्टरचे चारही मोठे दात आता जाहिरातीतल्यासारखे चमकत होते. मामाने ते बघून भाच्याच्या पाठीवर थाप मारली. “गड्या, आता ह्यो हसला तरी पयला नंबर हाय.”

जत्रेला इंद्रजित मुद्दाम गेला. खिशात दवाखान्याची कार्डं होती. चारदातीपर्यंतच्या मेंढ्यांचं रिंगण लागलं होतं, हलगी वाजत होती, गुलाल उडत होता. कलेक्टर पाठीवर गुलाल आणि गळ्यात घुंगरं घेऊन आला तेव्हा गर्दीतून, “वा रं वा!” असा आवाज उठला. मामीही आली होती. भामामामी एरवी जत्रेत नवऱ्याच्या चार पावलं मागे असायची. आज ती कलेक्टरच्या बरोबरीने चालत होती. तिच्या कडेला सोनिया होती, सात वर्षांची, लालभडक साखरेची कांडी चोखत. इंद्रजितने ती कांडी बघितली आणि मनातल्या मनात म्हणाला, चोख बाई, अजून थोडेच दिवस.

रिंगणाचा पंच होता तात्याबा. सत्तरीचा म्हातारा, डोक्याला भलंमोठं मुंडासं. तो नुसता अंगठा फिरवून मेंढराचं वय सांगायचा आणि कोणी त्याच्याशी वाद घालत नसे. त्याने कलेक्टरची उंची बघितली. मान हलवली. मग सवयीने त्याचा खालचा ओठ दाबला, आणि झटका बसल्यासारखा मागे सरला.

“आयला, ह्ये काय? दात हायती का फरशी?”

माणसं जवळ आली. तात्याबाने अंगठा फिरवला. अंगठा सुळकन घसरला. त्याने दुसरी बाजू बघितली, मग नखाने खरवडलं, आणि एका दातावरचा थर पापुद्र्यासारखा सुटून त्याच्या नखात आला. जिथे ओल राहिली होती, बरोबर तिथूनच. तात्याबाने तो पापुद्रा वर धरून सगळ्या रिंगणाला दाखवला.

“वरनं चढावलंय! आत काय हाय कुनाला ठावं. मी मगाच म्हनत व्हतो, येवढी उंची चारदातीला येती व्हय? सहादाती हाय ह्यो!”

“आवं तात्याबा, चारदातीच हाय ओ!” मामा कळवळून म्हणाला. “माज्या वाड्यात जन्माला आलाय.”

“मग दात कशापायी झाकलंस?”

तेव्हा इंद्रजित गर्दीतून पुढे झाला. त्याला वाटलं, शास्त्र नीट समजावून सांगितलं की प्रश्न मिटेल. वर्षभराच्या अनुभवानंतरही त्याला असं वाटलं, यावरून त्याचा स्वभाव कळावा.

“थांबा, मी सांगतो. मी डॉक्टर आहे.”

“जनावराचा?”

“माणसांचा. दातांचा.”

“मग मेंढराच्या तोंडात काय करतूयास?”

लोक हसले. हलगीवाला वाजवायचं सोडून ऐकायला लागला.

“येवढंच सांग,” तात्याबा म्हणाला. “दाताला कायतरी लावलंय, का चुना-बिना खाल्लाय ह्येनं? चुना खाल्ला असंल तर सोडून देतो. पान्यानं धू, रिंगनात आन.”

मामाने भाच्याकडे बघितलं. मामीने बघितलं. म्हातारा स्वतःहून वाट काढून देत होता. नुसतं ‘चुना’ म्हणायचं होतं.

“लावलंय,” इंद्रजित म्हणाला. “मी लावलंय. पण त्याचा वयाशी काही संबंध नाही. दात किडू नयेत म्हणून लावतात ते.”

“मेंढराचा दात किडतूय कवा?”

“किडत नाही.”

“मग लावलं कशाला?”

“पोरांसाठी,” इंद्रजित म्हणाला.

हे उत्तर शंभर टक्के खरं होतं. पण ते ऐकून जो हशा उठला, तो पलीकडे पाळण्यापर्यंत ऐकू गेला. कलेक्टरला रिंगणाबाहेर काढलं. जाताना तो सवयीने मधेच थांबला, पण त्या दिवशी त्याच्यासाठी कोणी ताटकळलं नाही.

परतीच्या टेम्पोत मामा कलेक्टरला धरून बसला. मामी मात्र जतपर्यंत बोलत होती.

“पोरींच्या तोंडात ह्ये असलं घालनार व्हता तुमी. उद्या पोरीला बगाय पावनं आलं आन म्हनलं, दात खरं का चढावल्यालं, तर काय सांगायचं? तात्याबाला बोलवायचं व्हय?”

“मामी, माणसाचं वय कोण दातांवरून बघतंय?” इंद्रजित म्हणाला.

“मेंढराच्या दातांना तरी कोन डाक्टर लावतंय? लावलाच न्हवं?”

इंद्रजितने खिशातली कार्डं चाचपली. सगळीच्या सगळी होती. वाडीवर उतरल्यावर तो मामाला म्हणाला, “मामा, चूक माझी. ओल राहिली होती. मला दिसलं होतं.”

मामा कलेक्टरच्या पाठीवरचा गुलाल झटकत होता. “तू ‘चुना’ म्हनला असतास तर,” एवढं बोलून तो थांबला. मग म्हणाला, “जाऊ दे. जेवून जा.”

वाडीतली पोरं काही आली नाहीत. सांगलीत मात्र हमालांच्या तोंडून गोष्ट पसरली आणि दवाखान्यासमोरून जाणारे लोक वर बघून उगाच ‘बें’ करायला लागले. इंद्रजितने सीलंटविषयी बोलणं बंद केलं. भिंतीवरचं दाढेचं चित्रही काढून ठेवलं. दुखेल त्याची दाढ उपटायची, किडेल तिथे भरायचं, असा सरळ धंदा सुरू केला, आणि काय आश्चर्य, दवाखाना चालायला लागला. पल्लवीला भाजी निवडायला सवड मिळेनाशी झाली. आई-वडील पोरांना घेऊन यायचे, पोर गाल धरून रडत असायचं, इंद्रजित आत बघायचा. ज्या चऱ्या कधीकाळी दोन मिनिटांत बुजल्या असत्या, तिथे काळा खड्डा असायचा. “लवकर आणलं बघा आम्ही,” आई म्हणायची. “हो,” इंद्रजित म्हणायचा आणि मशीन हातात घ्यायचा.

पुढच्या वर्षी, दिवाळी झाल्यावर मामा आला. या वेळी बरोबर मामी होती आणि दोघांच्या मधे सोनिया, उजवा गाल धरून.

“रातभर रडलीया,” मामी म्हणाली. “जरा बग की रं.”

सोनिया खुर्चीत बसली. खुर्ची वर गेली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर क्षणभर हसू आलं, मग पुन्हा कळ आली. खालची उजवी दाढ किडली होती. फार नाही, भरून भागण्याजोगी होती. इंद्रजितने ती साफ केली, भरली, आणि आरसा फिरवून बाकीचं तोंड बघितलं. उरलेल्या तीन दाढा कोऱ्या होत्या. खोल चऱ्या, पण अजून स्वच्छ. आणखी एक वर्ष, फार तर दोन.

“मामा,” तो भीत भीत म्हणाला, “बाकीच्या तीन दाढा चांगल्या आहेत. त्यांना जर आत्ताच...”

“नगं,” मामा म्हणाला.

“दोन मिनिटांचं काम आहे.”

“किडल्यालीचं केलंस, उपकार झालं. चांगल्याला हात लावू नगंस. चांगल्याला हात लावला म्हंजी काय व्हतंय त्ये बगितलंय आमी.” मामाचा आवाज चढला नव्हता, हेच जास्त वाईट होतं. “तुला दोष देत न्हाई मी. पर नगं.”

इंद्रजितने मान डोलावली. हातातला आरसा खाली ठेवला. मग पुन्हा उचलला, पुन्हा सोनियाच्या तोंडात बघितलं, बराच वेळ बघितलं. काउंटरवरून पल्लवीने मान वर केली. एवढा वेळ बघण्यासारखं तिथे काही नसतं, हे तिला इतक्या दिवसांत कळायला लागलं होतं.

“मामा,” तो म्हणाला. “ह्यांनाही लागलीय.”

“काय?”

“कीड. तिन्ही दाढांना. बारीक आहे, वरून दिसत नाही.”

मामी पुढे झाली. “आत्ता तर चांगल्या हायती म्हनलास की!”

“मगाशी... नीट दिसलं नव्हतं.”

“कायतरीच. मगाशी एक, आता एक.” मामीने नवऱ्याकडे बघितलं. “आवं, ह्यो तेच चढावतूय बगा. नाव बदलून.”

इंद्रजितने हातातला आरसा उगाच पुसला. पण मामा शांत होता. त्याने मामीला हाताने मागे सारलं.

“तू गप. त्येला खोटं बोलाय येतंय व्हय? येत असतं तर जत्रंत बोलला असता. ‘चुना’ म्हन म्हनून तात्याबा पाया पडायचा राहिला व्हता. कलेक्टर पयला आला असता, माजी मान वर झाली असती. तवा बोलला न्हाई, त्यो आज पोरीच्या दाढंपायी बोलंल?” मग भाच्याकडे वळून म्हणाला, “कर बाबा. किडलीया तर काय, कराय पायजेच.”

इंद्रजितने तोंडातल्या तोंडात हो म्हटलं. सोनियाच्या गालात कापूस ठेवला. दाढा स्वच्छ केल्या, कोरड्या केल्या, पुन्हा एकदा कोरड्या केल्या. मामाने मोबाइल काढून वाडीला लावला, आणि बोलताना त्याचा आवाज पार यार्डापर्यंत पोचला.

“हालू! आरं, आपल्या सोनियाच्या समद्याच दाढांस्नी लागन झालीया. व्हय, चारी. वरनं दिसत न्हाई म्हनं... मग तुमच्या पोरांना ऱ्हायली असंल व्हय? सोबतच हिंडत्यात, सोबतच खात्यात. एक मेंढरू बसलं की अख्ख्या कळपाला पाजतूस का न्हाई औषद? मग! रविवारी टेम्पो काडा... आरं, डाक्टर म्हंजी माजा भाचाच. त्योच, जत्रंतला... त्योच रं! खरं बोलून माजा मेंढा घालवला त्यो.”

रविवारी टेम्पो येणार होता. त्यात धा-पंधरा पोरं असणार होती, कोऱ्या दाढांची, आणि त्यांतल्या एकेकाच्या आईला इंद्रजितला हेच सांगावं लागणार होतं. त्याने निळा दिवा धरला. सोनिया आ वासून त्याच्याकडे टक लावून बघत होती. त्या तीन दाढा कधीच दुखल्या नव्हत्या, हे त्या खोलीत तिच्याएवढं खात्रीने कोणालाच माहीत नव्हतं. पण तिच्या तोंडात कापूस होता.